घरचा स्टिरिओ सुधारायचा आहे? पैसा आधी कोठे लावावा?

वाशी, कोपरखैरणे, नेरूळ, पनवेल या पट्ट्यात आपले अनेक बांधव रेडिओ-टीव्ही दुरुस्ती, विजेचे काम, सुतारकाम आणि गादीकाम करतात. काहींची इलेक्ट्रॉनिक वस्तूंची दुकाने आहेत. या सर्वांना एक गिऱ्हाईक हमखास भेटते. ते म्हणते, "घरी जुना स्टिरिओ आहे. आवाज पूर्वीसारखा राहिला नाही. थोडा खर्च करायची तयारी आहे. काय बदलू?"

बाजारातले ठरलेले उत्तर असते, "जास्त वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर घ्या." या उत्तरात विकणाऱ्याचा तात्पुरता फायदा असतो, घेणाऱ्याचा मात्र फारसा नसतो. नवा डबा घरी जातो, आवाज थोडा मोठा होतो, पण गोड होत नाही. ते गिऱ्हाईक पुन्हा दुकानाची पायरी चढत नाही. पुढच्या वेळी ते मोबाईलवरूनच माल मागवते. म्हणून कोणत्या सुधारणेत पैशाचा पुरेपूर मोबदला मिळतो, हे ग्राहकाइतकेच दुकानदाराला आणि कारागिरालाही ठाऊक असले पाहिजे. प्रस्तुत लेखात आम्ही हाच हिशेब मांडत आहोत.

हे जुने संच आले कोठून?

सत्तर-ऐंशीच्या दशकांत रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांतील असंख्य माणसे आखातात नोकरीला गेली. परत येताना त्यांच्या सामानात टू-इन-वन, कॅसेट डेक आणि जपानी अ‍ॅम्प्लिफायर असत. १९९१ नंतर बाजार खुला झाला आणि परदेशी कंपन्यांचे मिनी सिस्टिम येथील दुकानांतच मिळू लागले. १९९२ मध्ये लोकल गाडी खाडी ओलांडून वाशीला आली, नवी मुंबईची वस्ती झपाट्याने वाढली आणि मुंबईच्या चाळींतून व कोकणातून आलेल्या कुटुंबांबरोबर हे संचही सिडकोच्या इमारतींत येऊन बसले. आज त्यांतले बरेच माळ्यावर आहेत. काही चालू आहेत, पण घरघरतात. त्यांना भंगार समजण्यापूर्वी पुढील गोष्टी पाहाव्यात.

वॅटचा घोळ म्हणजे मापात पाप

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. अ‍ॅम्प्लिफायरची शक्ती दुप्पट केली, म्हणजे २५ वॅटच्या जागी ५० वॅट आणले, तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. हा फरक कानाला कळतो, पण थोडाच. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला सुमारे १० डेसिबल लागतात आणि त्यासाठी शक्ती दहापट करावी लागते. म्हणजे २५ वॅटचे २५० वॅट!

आता दुसरी बाजू पाहा. स्पीकरच्या माहितीपत्रकावर 'सेन्सिटिव्हिटी' नावाचा आकडा असतो. स्पीकरला १ वॅट दिला असता १ मीटरवर किती डेसिबल आवाज येतो, हे तो सांगतो. एका स्पीकरचा आकडा ८६ आणि दुसऱ्याचा ९२ असेल, तर तोच अ‍ॅम्प्लिफायर दुसऱ्या स्पीकरवर ६ डेसिबल जास्त आवाज देईल. हे शक्ती चौपट करण्यासारखे झाले, तेही विजेचे बिल न वाढवता. लहान हॉलमध्ये नेहमीच्या ऐकण्याला सरासरी १ वॅटच्या आसपासच शक्ती लागते. बाकीची गरज अचानक येणाऱ्या मोठ्या ठोक्यापुरती असते. त्यासाठी २५-३० खरे वॅट पुष्कळ झाले.

'खरे' वॅट म्हणण्याचे कारण आहे. खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'पीएमपीओ' असे लिहून हजार-दोन हजारांचा आकडा छापण्याची रीत नव्वदच्या दशकात फार बोकाळली आणि स्वस्त मालात ती अजून संपलेली नाही. हा आकडा मोजण्याची कोणतीही सर्वमान्य पद्धत नाही. ज्याला जो वाटेल तो आकडा तो छापतो. विश्वास ठेवायचा तो 'आरएमएस' आकड्यावर. तोही संशयास्पद वाटला, तर संचाच्या मागची पट्टी वाचावी. संच भिंतीच्या प्लगमधून ६० वॅट वीज घेतो असे तिथे लिहिले असेल, तर तो स्पीकरला सलग ५०० वॅट देणार कोठून? एवढी एक पट्टी ग्राहकाला वाचून दाखवणारा दुकानदार त्याचा कायमचा विश्वास कमावतो. कापड मोजताना गज आखूड धरणे आणि पीएमपीओ सांगून माल विकणे यांत आम्हाला काही फरक दिसत नाही.

पहिली सुधारणा खोलीची, आणि तीही जवळपास फुकट

आपल्याकडच्या हॉलमध्ये काँक्रीटच्या भिंती, खाली टाइल्स, वर सपाट छत आणि एका बाजूला काचेची खिडकी असते. अशा कठीण पृष्ठभागांवरून आवाज परततो आणि मूळ आवाजात मिसळून त्याला धूसर करतो. खोलीच्या मध्यभागी उभे राहून एक जोरदार टाळी वाजवावी. टाळीमागून झणझण ऐकू आली, तर दोष संचात शोधण्याआधी खोलीत शोधावा.

जे घर प्रामुख्याने किराअत, बयान, नात किंवा गझल ऐकते, त्याला हा मुद्दा अधिक लागू पडतो. तिथे शब्द स्वच्छ कळणे महत्त्वाचे असते आणि शब्दाची स्वच्छता घुमणाऱ्या खोलीत आधी मरते. अशा घराला सबवूफर विकणे म्हणजे डोळ्याच्या रोग्याला काठी विकणे.

उपाय साधे आहेत. स्पीकर आणि बैठक यांच्यामधल्या जमिनीवर जाड सतरंजी किंवा गालिचा घालावा. काचेवर चुणीदार, वजनदार पडदा लावावा. समोरच्या भिंतीवर लाकडी चौकटीत दोन-तीन इंच जाडीचा कापूस भरून, वर सुती कापड ताणून तक्ते लावावेत. तक्ता भिंतीला चिकटवण्याऐवजी मागे दोन इंच मोकळी जागा ठेवली, तर तो अधिक काम करतो. चौकट सुताराची, भरणी गादीवाल्याची. हे दोन्ही हुन्नर आपल्या वस्तीतच आहेत.

येथे दोन खुलासे केलेच पाहिजेत. पहिला असा की, कापूस आणि पडदा वरचा आणि मधला सूर शोषतात, खालचा धमधमाट नव्हे. दहा फूट रुंदीच्या खोलीत सुमारे ५६ हर्ट्झचा सूर दोन भिंतींमध्ये अडकून फुगतो. त्या सुराची लांबी २० फूट असते, तिला दोन इंचांचा कापूस काय रोखणार? खोली चौरस असेल तर लांबी आणि रुंदी दोन्ही एकाच सुरावर घुमतात आणि त्रास आणखी वाढतो. यावर इलाज म्हणजे स्पीकरची आणि बैठकीची जागा बदलून पाहणे. दुसरा खुलासा हा की, असे तक्ते किंवा अंड्यांचे ट्रे भिंतीला लावून शेजाऱ्याकडे जाणारा आवाज थांबत नाही. तसे सांगून कोणी काम घेऊ नये. अंड्यांचे ट्रे तर पटकन पेट घेतात, म्हणून ते घरात लावूच नयेत.

स्पीकर ठेवण्याची रीत

पुष्कळ घरांत एक स्पीकर कपाटावर आणि दुसरा टीव्हीमागे कोपऱ्यात असतो. मग स्टिरिओ कसला? दोन्ही स्पीकर एकाच उंचीवर, एकमेकांपासून सुमारे सहा फुटांवर असावेत आणि ऐकणारा दोघांपासून सारख्या अंतरावर, सहा-सात फुटांवर बसावा. बारीक सूर देणारा ट्विटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला यावा. स्पीकर कोपऱ्यात ढकलला की खालचा सूर फुगतो. तो भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे आणला की आवाज मोकळा होतो. मजबूत लाकडी स्टँड सुतार सहज करून देतो.

तारांची लाल-काळी बाजूही तपासावी. एका स्पीकरची तार उलटी लागली असेल, तर एक कोन बाहेर येताना दुसरा आत जातो आणि खालचा सूर नाहीसा होतो. गायकाचा आवाज मधोमध न येता खोलीभर भरकटतो. वूफरची तार अ‍ॅम्प्लिफायरपासून सोडवून १.५ व्होल्टच्या सेलची धन बाजू लाल टोकाला क्षणभर लावावी. कोन बाहेर आला तर जोडणी बरोबर. या तपासणीला एक पैसा लागत नाही.

दुसरी सुधारणा दुरुस्तीची

खाडीकाठची हवा दमट आणि पावसाळा चार महिन्यांचा. जुन्या स्पीकरच्या कडेची फोमची रिंग अशा हवेत दहा-पंधरा वर्षांत कुजते. बोट लावले की तिचा भुगा होतो. कोनाला आधार राहत नाही आणि आवाज फाटतो. ग्राहकाला वाटते, स्पीकर गेला. प्रत्यक्षात चुंबक, कॉइल आणि खोके धडधाकट असतात. रिंग बदलली की स्पीकर पुन्हा बोलू लागतो. आमच्या मते स्टिरिओच्या सर्व कामांत पैशाचा सर्वांत चांगला मोबदला या कामात आहे. आपल्या हवेत फोमपेक्षा रबराची रिंग जास्त टिकते. मात्र मूळ रिंग किती लवचीक होती हे पाहूनच रबर निवडावे, कारण कडक रबर लावले तर खालचा सूर आखडतो. रिंग चिकटवताना कॉइल नेमकी मध्यभागी राहिली पाहिजे, नाहीतर ती घासून खरखर करते. दोन स्पीकर असतील तर दोन्हींच्या रिंगा एकदमच बदलाव्यात.

अ‍ॅम्प्लिफायरच्या तक्रारीही ठरलेल्या असतात. आवाजाचे बटण फिरवताना खरखर होत असेल, तर आतल्या कंट्रोलवर धूळ आणि गंज आहे. कॉन्टॅक्ट क्लीनरने तो बहुधा निघतो. सतत गुंजन येत असेल, तर पॉवर सप्लायचे मोठे कपॅसिटर सुकले असण्याचा संभव असतो. एक बाजू मधूनच बंद पडत असेल, तर स्पीकर रिलेचे टोक काळे पडलेले असू शकते. सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडला, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर मिळतात. प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये विजेचा भार राहतो, हे शिकाऊ मुलांना पहिल्या दिवशीच शिकवावे.

कॅसेट डेक असेल तर हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे. रेकॉर्ड प्लेअर असेल तर सुई किती तास चालली हे विचारावे. हिऱ्याची सुईसुद्धा साधारण ५०० ते १००० तासांत झिजते आणि झिजलेली सुई रेकॉर्ड कायमची खराब करते. दुर्मीळ कव्वालीच्या रेकॉर्ड असलेल्या घरात नव्या सुईचा खर्च सर्वांत आधी करावा.

तिसरी सुधारणा स्पीकरची

खोली सुधारली, दुरुस्ती झाली आणि तरीही समाधान नसेल, तर नवे काही घ्यायचे ते स्पीकर. याचे कारण समजून घ्यावे. बरा अ‍ॅम्प्लिफायर मिळालेला सूर फारसा न बिघडवता पुढे पाठवतो. दोन बऱ्या अ‍ॅम्प्लिफायरमधला फरक ओळखायला कसलेला कान लागतो. दोन स्पीकरमधला फरक मात्र घरातले पोरही सांगते. विजेचे आवाजात रूपांतर करणारे ते यंत्र आहे. त्याचा कोन, खोके आणि दोन-तीन भागांत सूर वाटणारा क्रॉसओव्हर या प्रत्येक ठिकाणी आवाजाला वळण लागते.

येथे सुतार बांधवांसाठी एक गोष्ट सांगणे भाग आहे. स्पीकरचे खोके ही नुसती पेटी नव्हे. आतल्या हवेचे आकारमान त्या विशिष्ट वूफरशी जुळावे लागते. ऑस्ट्रेलियाचे नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि पुढे सत्तरच्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी याचे गणित बसवून दिले. त्यांच्या नावाचे आकडे चांगल्या वूफरच्या माहितीपत्रकात छापलेले असतात. तेवढ्यावरून खोक्याचे माप संगणकावर काही मिनिटांत निघते. नजरेच्या अंदाजाने पेटी इंच-दोन इंच लहान-मोठी करू नये. १८ मिलिमीटरचे चांगले प्लायवूड वापरावे, कारण साधा एमडीएफ दमट हवेत फुगतो. सांधे हवाबंद असावेत आणि मोठ्या पेटीला आतून आडवी पट्टी द्यावी. असे काम करणारा सुतार फर्निचरच्या मंदीतही रिकामा बसणार नाही.

नवे स्पीकर घेताना ओहम जुळवावेत. ८ ओहमसाठी बनलेल्या अ‍ॅम्प्लिफायरला ४ ओहमचे स्पीकर लावले, तर तो तापतो आणि जळूही शकतो. जे घर फक्त टीव्ही पाहते आणि जिथे जागाच नाही, तिथे साउंडबार घेणे गैर नाही. पण एका पट्टीतून दोन स्वतंत्र स्पीकरांची रुंदी मिळत नाही, हे आधीच सांगून टाकावे.

जुन्या बाजारातून घेताना

मटन स्ट्रीटच्या चोरबाजारात आणि इतरत्र जुने जपानी अ‍ॅम्प्लिफायर मिळतात. घेण्यापूर्वी मागे लिहिलेले व्होल्ट वाचावेत. जपानचा संच १०० व्होल्टचा, अमेरिकेचा १२० व्होल्टचा, आपली वीज २३० व्होल्टची. काहींच्या मागे व्होल्ट बदलण्याचा खटका असतो, काहींच्या नसतो. खटका नसेल तर योग्य क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो आणि त्याचा खर्च किमतीत धरावा. दोन्ही बाजू अर्धा तास चालवून पाहाव्यात. स्पीकरची जाळी काढून रिंग बोटाने तपासल्याशिवाय सौदा करू नये. नवा छोटा अ‍ॅम्प्लिफायर अडॅप्टरसह घेतला, तर अडॅप्टरवर भारतीय मानक ब्यूरोचा नोंदणी क्रमांक आहे का, हे पाहावे.

जिथे पैसा वाया जातो

तारांच्या नावावर मोठी लूट चालते. १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची साधी लवचीक तार पाच मीटर नेली, तर जाऊन-येऊन दहा मीटर होते आणि तिचा रोध सुमारे ०.१३ ओहम भरतो. ८ ओहमच्या स्पीकरपुढे हा दोन टक्क्यांहूनही कमी आहे. विजेच्या दुकानातली चांगली तार घरासाठी पुरेशी आहे. फक्त ती खरोखर तांब्याची असावी, वरून तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची नसावी. तार खरवडली की आतला पांढरा रंग लगेच दिसतो.

तसेच १९८२ मध्ये बाजारात आलेल्या सीडीची क्षमता माणसाच्या कानाला आजही पुरून उरते. मोबाईलवर अगदी हलक्या दर्जाची फाईल वाजवली तर दोष कळतो, पण सीडीच्या दर्जाच्या वर जाण्यासाठी मोजलेला पैसा कानापर्यंत पोहोचत नाही. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला मोबाईल जोडायचा असेल, तर मागच्या 'ऑक्स' खाचेत लावायची ब्लूटूथची छोटी डबी पुरते. तेवढ्याने माळ्यावरचा संच पुन्हा घरात वापरात येतो.

सोळा आण्यांचा हिशेब

गिऱ्हाइकाचे बजेट काहीही असो, रुपयाचे सोळा आणे धरून आम्ही वाटणी अशी सुचवतो. दोन आणे सतरंजी, पडदा, तक्ते आणि स्टँड यांवर. चार आणे रिंगा, कपॅसिटर आणि साफसफाई यांवर. दोन आणे तार, सुई किंवा ब्लूटूथच्या डबीवर. उरलेले आठ आणे स्पीकरसाठी राखून ठेवावेत, पण लगेच खर्च करू नयेत. पहिले आठ आणे खर्चून महिनाभर ऐकावे. समाधान झाले तर उरलेला पैसा ग्राहकाच्या खिशात राहू द्यावा. अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त होण्यापलीकडे गेला असेल तरच या वाटणीत त्याचा समावेश करावा, आणि तेव्हाही २५-३० खऱ्या वॅटच्या पुढे जाण्याची घाई करू नये.

ही वाटणी पाहून एखादा दुकानदार म्हणेल, मग आम्ही विकायचे काय? आमचे उत्तर असे की, खोकाबंद माल मोबाईलवर मागवला तर तो अनेकदा दुकानाच्या भावापेक्षा स्वस्त पडतो, त्या शर्यतीत लहान दुकान टिकणे कठीण आहे. पण घरी येऊन टाळी वाजवून पाहणारा, स्पीकरची जागा ठरवून देणारा आणि रिंग बदलून देणारा माणूस खोक्यात येत नाही. मेकॅनिक, सुतार आणि गादीवाला या तिघांनी एकत्र येऊन 'हॉल पाहून आवाज सुधारून देऊ' असे काम एकाच बिलावर घ्यावे. बिलावर आरएमएस वॅट, ओहम आणि कोणते भाग बदलले ते स्वच्छ लिहावे. काढलेले जुने भाग ग्राहकाला परत दाखवावेत.

काम संपवून निघताना एक गोष्ट ग्राहकाच्या कानावर घालावी. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. सिडकोच्या इमारतीत भिंतीपलीकडे कोणाचा तरी पाळणा असतो, कोणाचे आजारपण असते. सुधारलेल्या संचाची खरी ओळख हीच की, तो हळू लावला तरी प्रत्येक शब्द कळतो.